छाट

नववीच्या वर्गात दरवर्षी शिकवते:
कमावलेले गुण रक्तातून उतरत नाहीत.
कुणीतरी उंदरांच्या शेपट्या छाटल्या, पिढ्यान्‌पिढ्या,
तरी पिल्लं जन्मली ती शेपटी घेऊनच.
आणि उंदरांपर्यंत तरी कशाला जायचं,
आपल्याकडे पणजीच्या पणजीपासून कान टोचतात,
एक तरी पोरगी आली का भोकं घेऊन?
मुली हसतात. कानाची पाळी चाचपून बघतात.

यंदा मागच्या बाकावरून रेवती कोंड्याल म्हणाली,
मॅडम, झोपेत माझी बोटं हलतात.
अम्मा म्हणते, बिड्या वळते मी.
मी कधीच वळल्या नाहीत, मॅडम.

मी म्हटलं, पुढच्या तासाला बघू.
घंटा व्हायला वीस मिनिटं होती.

अशोक चौकातून घरी येताना
रेशनच्या रांगेत माझी अम्मा दिसली.
मशीनवर अंगठा ठेवत होती, पुसत होती, पुन्हा ठेवत होती.
मशीन म्हणत होतं, ही बाई कुणीच नाही.
चाळीस वर्षं, दिवसाला हजार:
कोटभर बिड्यांनी पुसून नेल्या तिच्या रेषा.
माझा अंगठा मात्र शंखचक्रासकट शाबूत.
तिची झीज माझ्यापर्यंत पोचलीच नाही.

लहानपणी तिच्यासोबत माप द्यायला जायची मी.
कारखान्यात चेकर बसायचा.
सुपातली एकेक बिडी बोटांत दाबायचा.
ढिली? छाट.
तोंड नीट दुमडलं नाही? छाट.
हजारात शंभर, चिडला असला की दीडशे.
छाटीचे पैसे नाहीत.
आणि छाट परतही नाही.

गर्भाच्या दाराशीही असाच कुणी बसत असेल.
आईचा खोकला: छाट.
वाकलेली पाठ: छाट.
उधारीच्या वहीतलं पाठ झालेलं पान,
तीन भाषांतून येणाऱ्या शिव्या:
छाट, छाट.
कोरं करकरीत बाळ पुढं सरकवतो.

पण चेकर छाट फेकून देत नव्हता,
हे आम्हा पोरांना ठाऊक होतं.
मागच्या दारानं ती कुठंतरी जायची,
कुणाच्या तरी ओठांत पेटायची.

हल्ली वाचते, कुठल्याशा प्रयोगात
एका वासासोबत उंदराला झटका दिला,
तर त्याची नातवंडंही त्या वासाला दचकली, म्हणे.
म्हणे. वाद चालू आहे अजून.
पुस्तकात आलं नाही, म्हणून परीक्षेलाही नाही.
मला तंबाखूच्या वासानं दचकायला होत नाही.
भूक लागते.
शनिवारी पगार व्हायचा, येताना भजी.

आता हे रेवतीला कसं सांगू:
माझी स्रवंती आठ महिन्यांची होती,
संस्थेतून घरी आणली तेव्हा.
आईबापाच्या नावाची जागा कागदावर रिकामी.
मी शाळेत, आणि ती अम्माच्या सुपाशेजारी पाळण्यात,
पाळण्याची दोरी अम्माच्या पायाच्या अंगठ्याला.
तेंदूच्या पानावर कात्री चालायची,
तेवढ्याच तालात पाळणा.

काल गणित अडलं तेव्हा स्रवंतीनं
चॉकलेटचा कागद घेतला,
नखानं कडा सरळ केल्या,
तळहातावर निजवला, तिरका गुंडाळला,
आणि अंगठ्याच्या नखानं तोंड आत दाबलं.
थेट अम्मा.
कुणी शिकवलं गं?
काय? म्हणाली ती. वर बघितलंही नाही.

अम्मानं ती गुंडाळी उचलली.
दोन बोटांत धरून दाबली.
सैल आहे, म्हणाली तेलुगूत.
मग मराठीत: छाट.

परत मात्र दिली नाही.
कमरेच्या पिशवीत ठेवली.